चकलीतला हिंग

वसुधाबरोबर दुकानात जाणं म्हणजे शिक्षा होती. साधी बिस्किटं घ्यायची तरी ती चष्मा कपाळावर सारून पुडा नाकाशी धरायची आणि मागचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचायची. मी म्हणायचे, "अगं, खायचंय की परीक्षेला बसायचंय?" ती म्हणायची, "कायद्यानं त्यांना लिहायला लावलंय. मग आपण वाचायला नको?"

इंग्लंडात मेडनहेडला आम्ही शेजारी होतो. दिवाळीत मराठी मंडळाच्या मेळ्यात तिच्या चकल्यांवर उड्या पडायच्या. नवरा गेल्यावर मिरवायला तिच्यापाशी तेवढंच उरलं होतं. पाकीट बांधून विकायचं तर सगळे जिन्नस लिहायचे आणि ज्यांची बाधा होते ते ठळक करायचे, हा इथला नियम. ती तो काटेकोर पाळायची. तीळ ठळक असायचे. चकलीच्या भाजणीत गहू नसतो, म्हणून गहू लिहिलेला नसायचा.

एका वर्षी इथेच वाढलेली एक तरुण आई लेकाला घेऊन आली. "काकू, ह्यात गहू नाही ना? माझ्या मुलगाला चालत नाही. खूप आजारी होतो तो."

"भाजणीत गहू नसतो गं," म्हणत वसुधानं पाकीट दिलं.

त्या दोघांची पाठ वळली आणि ही पांढरी पडली. "हिंग," एवढंच म्हणाली. हिंगाच्या पुडीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवर तसं लिहिलेलंही असतं. पण आपण हिंग बरणीत ओततो आणि डबी फेकून देतो. जगाची पाकिटं वाचणाऱ्या बाईनं ती डबी कधी वाचली नव्हती.

दुखऱ्या गुडघ्यांनी ती कार पार्कपर्यंत धावली. पोरानं चकली तोंडाशी नेली होती. तिनं ती हिसकावली. पोर रडलं. परत येऊन तिनं स्टॉलवरची सगळी पाकिटं पिशवीत भरली.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "अहो, चिमूटभर हिंग तो. नियमाचं एवढं काय घेऊन बसलात?"

"नियम राहू द्या. आजारी ते पोर पडलं असतं, तुम्ही नाही."

घरी येऊन ती रडली. मी चहा केला. समजूत काढली नाही, चूक तिचीच होती.

पुढची दिवाळी तिची शेवटची. तिनं बिनहिंगाच्या चकल्या केल्या. फारशा खपल्या नाहीत. मी एक खाल्ली आणि तोंडावर सांगितलं, "चव गेली गं."

समोर ते पोर दोन्ही हातांत चकल्या धरून खात होतं. वसुधा त्याच्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुझ्यासाठी नाहीत केल्या."