पाट सोड

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ससूनवघरजवळ भाऊंची गाडी दुभाजकावर गेली, तेव्हा ती भाऊ चालवत नव्हते. मी चालवत होतो. भाऊ शेजारच्या सीटवर होते आणि मला बाजूला हो म्हणून सांगत होते. त्यांच्या घरी आणि आमच्या कंपनीत ही गोष्ट नेमकी उलटी माहीत आहे. ती तशीच राहिली, कारण मी बोललो नाही.

भाऊ आमच्या कंपनीत स्टोअर्सचे प्रमुख होते. मूळचे आगाशीकडचे, वाडीवाल्यांपैकी. घरची केळी, पानवेली, चार झाडं सोनचाफ्याची. आणि नोकरी घोडबंदरच्या रस्त्यावर. मी नवा नवा फुलपाड्याला राहायला आलो, तेव्हा त्यांनी स्वतःहून विचारलं, "माझ्या गाडीत एक जागा आहे, येतोस का?" मी पुढच्या सीटवर बसू लागलो. नालासोपारा फाट्यावर तुळिंजचा सावंत चढायचा आणि मागे ऐसपैस पसरायचा. अशी आम्ही कितीतरी वर्षं काढली. गाडी भाऊंची, स्टिअरिंग भाऊंचं, तोंड सावंतचं. मी ऐकणारा.

पुढची गाडी ओलांडताना भाऊ पुटपुटायचे. उजवीकडचा सिग्नल दिला की "आलो", आणि पुढच्याला मागे टाकून परत मधल्या लेनमध्ये शिरले की "गेलो". भरल्या पंगतीतून वाट काढणारा वाढपी बोलतो ना, त्या सुरात. 'आलो' आणि 'गेलो' यांच्यामध्ये फार वेळ जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. सावंत मागून म्हणायचा, "आलात तसे बसा की भाऊ दोन मिनिटं! चहा घेऊन जा!" भाऊ आरशातून त्याच्याकडे बघायचे आणि गाडी डावीकडे घ्यायचे. "बसायला घर आहे," म्हणायचे.

उजव्या लेनला ते पाट म्हणत. वाडी न बघितलेल्यांसाठी सांगतो. विहिरीचं पाणी ज्या उथळ चरातून झाडांपर्यंत जातं, तो पाट. भाऊंच्या वाडीतली विहीर वडील आणि चुलते यांच्यात सामायिक होती आणि पाट भाऊंच्या केळीतून पुढे चुलत्यांच्या पानवेलीकडे जायचा. लहानपणी भाऊ त्यात पाय सोडून बसत. पाणी अडायचं, भलत्याच वाफ्यात शिरायचं, आणि तिकडे पानवेली कोरड्या राहिल्या की चुलते कुंपणाशी येऊन हाका मारत. "बाबांनी मला पाटातून हाताला धरून उठवला," भाऊ सांगायचे. "म्हणाले, पाट ओलांडायचा असतो रे, त्यात बसायचं नसतं. तुला ओल मिळाली, पण पाणी पुढच्याचं आहे." हायवेवर तीन लेन झाल्या, तेव्हा भाऊंना नवीन काही शिकावं लागलं नाही. डावी जड गाड्यांची, मधली आपली आणि उजवी पाट.

सावंतला हे पटत नसे. त्याचंही खोटं नव्हतं. डाव्या लेनमध्ये उलटे येणारे बाईकवाले, टायर बदलायला उभे असलेले ट्रेलर, खड्डे. "ट्रकवाला उजवीकडे बसणार नाही तर काय करणार, भाऊ?"

"त्याला कारण आहे," भाऊ म्हणाले. "तुला काय कारण आहे ते सांग."

मागून कोणी हेडलाइटचा डिपर मारत आला की भाऊ लगेच बाजूला होत. मागची गाडी केवढी, आतला माणूस कसा, ते बघत नसत. एकदा एका पोराने इतक्या जवळ येऊन हॉर्न वाजवला की सावंत खवळला. "सोडू नका भाऊ! मस्ती बघा त्याची!" भाऊंनी सोडलं. गाडी सणकन निघून गेली. मग शांतपणे म्हणाले, "घाई असेल तर जाऊ दे. मस्ती असेल तर आधी जाऊ दे. मस्ती मागे कशाला ठेवायची?"

पुढे मात्र कोणी उजवी लेन अडवून बसला, तर भाऊ डावीकडून काढत नसत. एकदा डिपर देत आणि थांबत. कधी वर्सोव्याच्या पुलापर्यंत त्या ट्रकच्या मागे जायचो. "भाऊ, सत्यनारायण घातलाय का हायवेवर?" सावंत विचारायचा. "प्रसाद तरी द्या." भाऊ म्हणायचे, "त्याने आरशात बघितलं की मिळेल." कंपनीतसुद्धा त्यांचं हेच. स्टोअर्सच्या दारात उभं राहून कोणी गप्पा मारायला लागला की "आत ये, नाहीतर बाहेर हो." लग्नात ताट वाढून घेतल्यावर टेबलापाशीच उभं राहून खाणाऱ्या पाहुण्यालाही त्यांनी दंडाला धरून हलवलेलं मी पाहिलं आहे.

तेही लग्नच होतं. भाऊ निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. दहिसरला कंपनीतल्या एकाच्या मुलीचं लग्न, म्हणून आम्ही दोघं त्यांच्या गाडीने गेलो. दुपारी निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "जिलबी जास्त झाली. तू घे आज." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या लायसन्सची मुदत संपली होती, आज करू उद्या करू म्हणून मी नूतनीकरण केलं नव्हतं. ते मी बोललो नाही. किल्ली घेतली.

वर्सोव्याचा पूल ओलांडल्यावर मी एका टँकरला मागे टाकलं आणि उजव्या लेनमध्येच राहिलो. रस्ता मोकळा होता, गाडी छान पळत होती. मागून एक टेम्पो आला. डिपर, हॉर्न, पुन्हा डिपर.

"पाट सोड," भाऊ म्हणाले.

"भाऊ, मी मर्यादेत चालवतोय. याहून जोरात जायचं कारणच काय त्याला?"

"कारण त्याचं त्याला माहीत. तू वाहतूक खात्यात आहेस का? पाट सोड कदम."

मी सोडला नाही. तसं काहीच कारण नव्हतं. इतकी वर्षं मी त्या गाडीत डावीकडे बसून ऐकत आलो होतो, आणि आज स्टिअरिंग माझ्या हातात होतं, एवढंच. भाऊंनी मान वळवून मागे बघितलं. टेम्पोने डावीकडून काढलं आणि माझ्यासमोर आडवा घातला. मी उजवीकडे ओढलं. दुभाजकावर चाक चढलं, पत्रा किरकिरत गेला, आणि भाऊंचा गुडघा पुढे आपटला. टेम्पो थांबला नाही.

मिठागराकडून आलेला एक बाईकवाला थांबला. त्याने भाऊंना दार उघडून रस्त्याच्या कडेला बसवलं, बाटली पुढे केली. "पानी घ्या काका. कोन चालवत होता?"

माझ्या तोंडून वेगळंच निघालं. "भाऊ, माझं लायसन्स संपलंय."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. स्टोअर्समध्ये एखादा माल सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला की बघत, तसं. मग त्या माणसाला म्हणाले, "मीच चालवत होतो." तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, नीताचा फोन आला. तिलाही तेच सांगितलं. विम्याकडे मात्र ते गेले नाहीत. "तोंडाने एकदा बोललो तेवढं पुरे. सहीनिशी नको," म्हणाले.

गुडघा बरा झाला, पण नीताने किल्ली परत दिली नाही. गाडी आपल्या घरी नेऊन लावली. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सत्तरीकडे झुकलेला बाप भर दुपारी मोकळ्या रस्त्यावर दुभाजकावर गेला, असं तिला सांगितलं होतं. कंपनीत बातमी पोचली. पुढच्या निरोपसमारंभाला भाऊ काठी टेकत आले, तेव्हा सावंतने सगळ्यांदेखत विचारलं, "काय भाऊ, शेवटी तुम्हीच पाटात बसलात म्हणे!" खोली हसली. भाऊही हसले. "बसलो खरा," म्हणाले. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. मीही हसलो. अपघाताचं मला एकवेळ काही वाटेनासं होईल. त्या हसण्याचं होत नाही.

नंतर भाऊ रिक्षाने फिरत. कुठे जायचं असलं तर नीता तिच्या सवडीने नेई. गाडी चालवण्याबद्दल ते कोणाशी बोलत नसत, आणि कोणी बोलू लागलं तर केळीचा विषय काढत. एकदा मी वाडीत गेलो. ते पाटातला पाला काठीने बाजूला करत होते. मी सगळं मनाशी ठरवून गेलो होतो.

"भाऊ, मी नीताला सांगतो."

"सांग की," ते म्हणाले. "मी कुठे आडवा आलोय?"

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. भाऊंनी कप घेतला आणि माझ्याकडे बघत थांबले. ट्रकच्या मागे थांबायचे तसे. मी वहिनींना विचारलं, यंदा चाफा कसा आहे.

गेल्या वर्षी भाऊ गेले. झोपेतच. तेराव्याला नीता मला म्हणाली, "कदमकाका, बाबांचं लक्ष राहत नव्हतं हो शेवटी. त्या अपघातातच मला कळलं. तुम्ही शेजारी होतात म्हणून निभावलं." माझ्या हातात पानाचा विडा होता. मी मान हलवली. ती मान कशासाठी हलली, ते तिने तिच्या परीने समजून घेतलं.

परवा सकाळी पेल्हारच्या अलीकडे माझ्यापुढे भाऊंची पांढरी गाडी होती. उजव्या अंगाचा पोचा अजून तसाच आहे, त्यावरून ओळखली. चालवत होती मनू, नीताची मुलगी. नुकतंच लायसन्स मिळालंय तिला. शेजारी नीता. गाडी उजव्या लेनमध्ये होती आणि आपल्या तालात, सावकाश चालली होती. मधली लेन रिकामी. माझ्यामागे गाड्यांची रांग लागली, कोणीतरी हॉर्न धरला. माझा हात डिपरवर गेला आणि परत आला.

विरार फाट्याच्या पेट्रोल पंपावर त्या भेटल्या. मी मनूला शक्य तितक्या साधेपणाने म्हटलं, "उजवी लेन ओलांडण्यापुरती घ्यायची बरं का. आजोबा सांगायचे."

मनू हसली. "सांगायचे खरं. पण त्यांनी स्वतःच तिथे गाडी ठोकली ना, काका?"

"मनू!" नीता म्हणाली. पण खोटं बोलू नकोस, असं काही ती म्हणाली नाही. म्हणणार कशी?

वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक मनूने पाठ केलं असेल. तिला एक चांगला माणूस शिकवून गेला होता आणि मी त्याचं शिकवणं खोटं पाडून ठेवलं आहे. भाऊ असेपर्यंत त्यांनी माझ्यासाठी वाट सोडून ठेवली होती. आता ते नाहीत, तरी ती बंद झालेली नाही. त्या दोघींना समोर बसवून, गाडी मी चालवत होतो आणि भाऊ मला पाट सोड म्हणत होते, एवढं सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.