उभ्या गाडीचं डिझेल

आम्ही मोठी गाडी घेतली तेव्हा तिच्या माहितीपत्रकात लिटरला अठरा किलोमीटर असा आकडा छापलेला होता. पहिल्या टाकीला बारा निघाले. छापलेल्या मजकुरावर माझा लहानपणापासून विश्वास, त्यामुळे मी शोरूमला पत्र लिहायला बसलो. दोन पानं झाली. बायकोनं ती वाचली, एका ठिकाणी स्वल्पविराम सुधारला आणि म्हणाली, "अहो, हे पाठवू नका. ते खोटं बोललेले नाहीत."

"मग सहा किलोमीटर गेले कुठं?"

"त्यांनी गाडी बंद खोलीत पळवली. खाली लाटण्यांसारखे रूळ फिरतात, गाडी जागच्या जागी धावते. तिथं समुद्राचा वारा नाही, एसी नाही, पुढे अचानक थांबणारी रिक्षा नाही. मागच्या सीटवर तुमची पुस्तकं नाहीत. वेग किती, तोही आधीच ठरलेला. अशा खोलीत मीसुद्धा कुणावर चिडणार नाही."

मग तिनं मला खाली नेऊन गाडीसमोर उभं केलं. "समोरून बघा. भिंत आहे की नाही? भिंत ढकलत न्यायची तर डिझेल लागणारच."

ती मद्रासबाहेर सिरुसेरीच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवायची. तिच्या घरचे लोक पिढ्यांपूर्वी तंजावरला आलेले, तिथून मद्रासला. मी सांगलीहून कॉलेजच्या नोकरीसाठी इथं आलो. तिच्या मराठीतले तमिळ हेल ऐकून माझे नातेवाईक गालात हसायचे. पण जे मोजता येतं त्याबद्दल रागवायचं नाही, आधी मोजायचं, हे मी तिच्याकडून शिकलो. उशिरा आणि अर्धवट शिकलो.

ॲव्हरेज काढायची तिची रीत एकच होती. पंप तोच, नळी तीच. टाकी फुल्ल करायची, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करायची, आणि मधे पळालेल्या किलोमीटरना आत गेलेल्या लिटरनी भागायचं. नळी पहिल्यांदा 'टक्' करून थांबली की थांबायचं. पंपावरचा माणूस आकडा गोल करायला अजून थोडं दाबू बघायचा. ती काचेतून हात बाहेर काढून म्हणायची, "पोदुम्." पुरे. पुढं पुढं तो तिला बघितल्याबरोबर स्वतःच "पोदुम्, टीचर?" असं विचारून हसायचा.

वर्षभरात तिनं बाराचे तेरा केले. मी हौसेनं टपावर लावलेलं कॅरियर काढायला लावलं. दर दुसऱ्या रविवारी सकाळी, टायर गार असताना, हवा तपासली. बाकी सगळं तिच्या उजव्या पायात होतं. तीन गाड्यांपलीकडची बस थांबणार हे तिला आधी कळायचं आणि पाय हलकेच उचलला जायचा. इथल्या, मद्रासजवळच्या कोवलमच्या रस्त्यावर लोक हॉर्न वाजवत पुढं जायचे, ती आपल्या वेगानं जायची. शेजारी बसून मी पुस्तक वाचायचो. तिनं ब्रेक लावला तरी डोळ्यांसमोरची ओळ हलायची नाही. इतकं चांगलं काम मी फार थोड्या माणसांच्या हातून होताना पाहिलं आहे.

पण तेराच्या पुढं गाडी गेली नाही. मी कधी टोमणा मारला, "टीचर, तेरावर का अडलात?" तर ती म्हणायची, "कारण आहे. मला माहीत आहे." एवढंच.

गेल्या वर्षी ती गेली. आजार लहान होता, म्हणजे थोड्या दिवसांचा.

गाडी खाली उभी राहिली. माझ्याकडे परवाना होता, सवय नव्हती. मुलगी बेंगळुरूला असते. तिचं म्हणणं, विकून टाका.

"बाबा, तुम्ही ती चालवणार कुठं? आणि तिला पोसायचं कशाला?"

"तुझ्या आईची गाडी आहे."

"म्हणूनच म्हणते. आई असती तर तुमच्या हातात तिचे हाल बघवले नसते तिला." मग थोडं थांबून, "बरं, एक करा. तेरा काढून दाखवा. मग ठेवा."

मी कबूल झालो. गाडी राहते की जाते, ते आता माझ्यावर होतं.

पहिल्या टाकीला नऊ निघाले. दुसऱ्या टाकीला नऊसुद्धा नाहीत. मी हवा तपासली, कॅरियर नव्हतंच, पंपावर "पोदुम्" म्हणालो. तो माणूस या वेळी हसला नाही. शेवटी गाडी आमच्या जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं, मिटलं, आत बसून डॅशबोर्डवरचे आकडे पाहिले आणि तमिळमधून ओरडला, "सार! सरासरी वेग सात? यापेक्षा देवाचा रथ जोरात जातो!"

"ट्रॅफिक असतं," मी म्हणालो.

"एवढं ट्रॅफिक माझ्या सासुरवाडीच्या लग्नातपण नसतं. सार, गाडीत दोष नाही. तुम्ही तिला चालवत नाही. बसवून जेवायला घालताय."

तो खरं बोलत होता. रोज संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला मी खाली जायचो. इमारतीखालची आमची जागा उघडीच आहे, पण तिथं त्या वेळी भट्टी असते. मी गाडी सुरू करायचो, एसी लावायचो आणि उतरून पलीकडून डाव्या सीटवर जाऊन बसायचो. माझी जागा तीच होती. तिथं बसून तासभर वाचायचो. गाडी जागेवरच असायची, इंजिन चालू असायचं. डिझेल जळत होतं आणि किलोमीटरच्या काट्याला त्यातलं काही कळत नव्हतं. गणिताच्या बाईंबरोबर इतकी वर्षं काढून ही चूक मला दिसली नव्हती.

मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं, मग फडक्यानं हात पुसले. "टीचरपण उभं ठेवायच्या कधी कधी. त्यांनीच सांगितलं होतं. लिहून ठेवते म्हणाल्या."

घरी येऊन मी गाडीच्या कप्प्यातली तिची छोटी वही काढली. किलोमीटर आणि लिटर मला माहीत होते. शेवटच्या रकान्याकडे मी कधी पाहिलं नव्हतं. वर लिहिलं होतं 'उभी', आणि खाली तिच्या सरळ अक्षरात: ग्रंथालय, २० मिनिटं. ग्रंथालय, ३५. पुस्तकांचं दुकान, ४०. ग्रंथालय, १५, आज लवकर.

मी "आलोच" म्हणून आत जायचो. ती बाहेर उन्हात एसी लावून वह्या तपासत बसायची. एका शब्दानं तिनं मला हे सांगितलं नाही. फक्त मोजलं. तिचं चौदावं किलोमीटर मी कपाटांमधे उभा राहून वाचलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी इंजिन बंद ठेवून बसू लागलो. चारी काचा खाली. घाम पानांवर पडायचा, दहा मिनिटांत उठावं लागायचं. मग मी गाडी चालवायलाच लागलो. पहाटे आमच्या तिरुवान्मियूरहून कोवलमपर्यंत, तिच्या वेगानं, आणि परत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. पुढची बस थांबणार हे मला दर वेळी कळत नाही, पण पूर्वीपेक्षा कळतं.

टाकी संपली, भरली. पंपावरच्या माणसानं पहिल्या 'टक्'ला नळी काढली आणि स्वतःहून म्हणाला, "पोदुम्, सार." बारा निघाले. मी दोनदा भागाकार केला.

संध्याकाळी मुलीला फोन केला. "बारा," म्हटलं. "एक कमी पडला."

"तो कुठं गेला?"

खोटं बोलता आलं असतं. "तुझ्या आईच्या वाढदिवशी मी खाली बसलो होतो. एसी लावून. दुपारभर."

मग ती म्हणाली, "वहीत लिहिलंत?"

"नाही."

"उभीच्या रकान्यात लिहा. आणि बाबा, पुढच्या महिन्यात मी येते. तोवर गाडी कुणाला दाखवू नका."

मी खाली गेलो. वहीत तिच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं: घर, चार तास.