पुंगळीची कड

श्रीलक्ष्मी गलगलीला नेमबाजी कधीच करायची नव्हती. विद्यानगरच्या कॉलेजात ती गणित शिकवायची आणि तेवढ्यावर खूश होती. नेमबाज होता तिचा थोरला भाऊ, गुरुप्रसाद. बायपासवर ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं, त्यात त्याचे पाय गेले आणि डाव्या हाताची पकड सुटली. घरी आणल्यावर कितीतरी दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मग एकदा म्हणाला, "लक्ष्मे, तू मारशील का? मी शिकवतो."

त्या वेळी नाही म्हणणार कोण? आई तर दाराआड उभी राहून रडायलाच लागली.

रीतसर परवाने झाले. पुढच्या खोलीत खिडकीपाशी गुरुप्रसादचं टेबल मांडलं गेलं. वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत ठिणगी देणारी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून तो बहिणीसाठी काडतुसं तयार करायचा. दिवसभर काडतुसं दाबून बसवायच्या त्याच्या हातप्रेसच्या दांड्याचा आवाज घरात चाललेला असे. तो आवाज थांबला की आई स्वयंपाकघरातून डोकावून बघायची.

श्रीलक्ष्मीचे रविवार नेमबाजी क्लबच्या रेंजवर जाऊ लागले. ती बरी मारायची, फार छान नाही. पुण्याहून संशोधनासाठी बोलावणं आलं, तेव्हा गुरुप्रसाद म्हणाला, "जा की. मी काय, बसेन असाच." ती गेली नाही.

आणि मग काडतुसं उडेनाशी झाली. चाप ओढला की नुसता 'टक्' आवाज. आधी क्वचित, मग दर सरावाला. जिल्हा स्पर्धेत तर ऐन शेवटच्या फेरीत तसं झालं.

"एनातु, मॅडम?" काय झालं म्हणून क्लबचे सेक्रेटरी कानडीत विचारू लागले. घरी गुरुप्रसाद वैतागला. "पिस्तूल नीट पुसत नाहीस तू. माझ्या मालात खोट नाही."

तिनं पिस्तूल क्लबच्या कारागिराकडून तपासून घेतलं. ते ठणठणीत होतं. न उडालेली काडतुसं तिनं हातात घेऊन पाहिली. चाप ओढल्यावर टोपीवर आदळणाऱ्या सुईचा खड्डा होता, पण उथळ. सुई पोचत होती, ती जेमतेम.

तेव्हा तिला गुरुप्रसादनंच सुरुवातीला शिकवलेलं आठवलं. सरळ पुंगळीच्या या काडतुसाला अडायला खांदा, म्हणजे निमुळता उतार, नसतो. नळीच्या आत एक बारीक पायरी असते, तिच्यावर पुंगळीच्या तोंडाची कड टेकते आणि काडतूस तिथंच थांबतं. मागं राहणाऱ्या जागेचा हिशेब म्हणजे हेडस्पेस. गोळी बसवल्यावर तोंड किंचित आवळायचं असतं. जास्त आवळलं तर कड उरत नाही, काडतूस आत घसरतं आणि सुईचा मार हलका पडतो.

पिस्तूल उघडून तिनं नळी बाहेर काढली आणि एक काडतूस आत सोडलं. त्याचं बूड नळीच्या काठाशी सपाट यायला हवं होतं. ते आत बुडालं. दुसरंही तसंच.

आठवडाभर ती काही बोलली नाही. सांगितलं तर त्याच्या हातातलं एकुलतं एक काम जाईल. नाही सांगितलं, तर 'टक्' आवाजाचं खापर आपल्यावर, आणि एखाद्या दिवशी याहून वाईट घडेल. शेवटी मनाशी ठरवलं : दोन्ही सांगायचं. काडतुसांचंही, आणि मला हे सोडायचंय तेही.

रविवारी दुपारी तिनं नळी आणि एक काडतूस त्याच्यासमोर ठेवलं. "अण्णा, हे यात सोडून बघ."

त्यानं उजव्या हातानं काडतूस सोडलं. तेही काठाच्या आत बुडालं.

"पूर्वी तू प्रत्येक काडतूस नळीत घालून बघायचास ना?" तिनं विचारलं.

"पिस्तूल उघडायला दोन हात लागतात, लक्ष्मे."

"मला सांगायचंस की! मी दिली असती काढून."

"किती गोष्टी सांगू? पाणी दे सांगतो, कूस वळव सांगतो. एवढं एक तरी माझं मला राहू दे म्हटलं." त्यानं मान फिरवली. "नळीत घालून बघितल्याशिवाय बोटांना कळतच नाही किती आवळलं ते. सैल राहील म्हणून घट्ट करत गेलो."

दारात आई येऊन उभी होती. श्रीलक्ष्मीनं ठरवलेलं दुसरं, सोडायचं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

"तू बस शेजारी," गुरुप्रसाद आधीच म्हणाला. "रोज कॉलेजातून आल्यावर. तोंड आवळायचं तू, बाकी मी. मग बघ, राज्याला जातेस का नाही!" किती दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता. आईनं लगबगीनं खुर्ची पुढं सरकवली.

ती बसली.

त्यानंतर काडतुसं उडायला लागली. बंगळूरच्या राज्य स्पर्धेत तिचा नंबर बराच खाली आला, तरी गुरुप्रसादनं साऱ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं. पुण्याच्या जागेवर दुसरं कुणी रुजू झालं. श्रीलक्ष्मी कॉलेजातून येते, हातपाय धुते आणि चहा घेऊन त्याच्या शेजारी बसते. रविवार तर तिचा नव्हताच. आता संध्याकाळही राहिली नाही.