सोनूचा सत्कार

सन २०२२. माझं वय चौसष्ट. फौजेतून हवालदार म्हणून सुटून बावीस वर्षं झाली होती. पेन्शन चालू होती, शेत पोरगं बघत होतं, कुणापुढं हात पसरायची वेळ नव्हती. तरी मी नोकरी धरली. ती माझी शेवटची पोस्टिंग. लोक म्हणतात ती कसली पोस्टिंग, वॉचमनकी ती. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. शाळा माझी सातवीपर्यंत, तेव्हा नटवून सांगता येणार नाही.

मिरजगावच्या बाजूला, हायवेपासून थोडं आत आमचं गाव. फाट्यावरच्या दूध डेअरीमागं दोन खोल्या घेऊन एका संस्थेनं काम काढलं होतं. आमच्या भागातली तरणी पोरं मोबाईलवरून कुणाच्या तरी नादी लागत, डोक्यात विष भरून घेत आणि मग हत्यार उचलत. त्यांनी हत्यार उचलायच्या आधी त्यांना माघारी आणायचं, हे काम. त्यासाठी शिकलेली माणसं ठेवली होती. मुख्य डॉक्टर मॅडम, संगमनेरच्या, मनाच्या आजाराच्या डॉक्टर, याच कामात केस पांढरे केलेल्या. त्यांच्या हाताखाली मोबाईलमधलं उकलणारा एक जण. आणि या दोघांच्या वर पुण्यात बसणारे मोठे सर.

पोरं कुठल्या संघटनेची, कुठल्या धर्माची, कुठल्या जातीची, ते मी लिहिणार नाही. लिहिलं की अर्धे वाचणारे इथंच थांबतील आणि उरलेले अर्धे खूश होतील. दोघांनाही ती संधी मी देत नाही.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, वॉचमनची खुर्ची दाराबाहेर ठेवलीय."

मी म्हणालो, "वॉचमन न्हाई. सेंट्री. आन् सेंट्री खुर्चीत बसत न्हाई."

"बरं. सेंट्री, मग चहा तरी घेता का?"

"ड्यूटीवर घेत न्हाई."

त्या हसल्या. मला राग आला. बाईमाणूस, हातात नुसती वही, काठीसुद्धा नाही, आणि म्हणे हत्यारवाल्या पोरांना माघारी आणणार. फौजेत आम्ही अशा कामाला गाव घेरायचो. पहाटे कॉर्डन लावायचा, घराघराची झडती घ्यायची. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं.

त्यांनी विचारलं, "अशी किती पोरं तुम्ही घरी आणलीत, काका?"

मी म्हणालो, "घरी न्हाई आणली. डोंगरावरनं खाली आणली."

जिवंत नाही, हे त्यांना कळलं.

त्यांची काम करायची रीत मला आधी पोरखेळ वाटली. बाहेर पाटी नाही. गाडी गावात न्यायची नाही. एखाद्या घरच्या पोराबद्दल कळलं की त्या सरळ त्या घरी जात नसत. आख्ख्या आळीचं बी.पी. मोजत. पहिल्या घरापासून शेवटच्यापर्यंत, एकही न गाळता, म्हणजे मॅडम खऱ्या कुणाकडं आल्यात ते शेजारणीलाही कळायचं नाही. मशीन उचलायला मी. एक म्हातारी मला म्हणाली, "का रं मेजर, बंदूक काढून घेतली व्हय? आता बायांच्या दंडाला पट्टा बांधीत फिरतोस!" सगळी आळी हसली. आमच्याकडं शिपाई सुटून आला तरी मेजर होतो, मग हवालदाराची काय कथा.

पण काही महिन्यांनी मला त्यातली शिस्त दिसली. काश्मीरच्या खोऱ्यात आमचा जो सोर्स होता, म्हणजे आम्हाला आतली खबर देणारा माणूस, तो रस्त्यात भेटला तर आमचे सुभेदार साहेब त्याला चारचौघांत शिव्या घालायचे. त्याला जिवंत ठेवायला. मॅडम शिव्या देत नव्हत्या, बी.पी. मोजत होत्या. काम तेच.

असंच सोनूचं घर सापडलं. सोनू म्हणजे बावीस-तेवीसचा, कांद्याचा टेम्पो चालवायचा. बाप लहानपणीच गेलेला. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायची. मॅडमनी तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि ती रडायलाच लागली. म्हणाली, "बाई, पोरगं सीटखाली तलवार घिऊन फिरतंय. माज्याकडं बघत न्हाई, मोबाईलकडंच बघतंय. त्येला वाचवा."

मॅडम म्हणाल्या, "वाचवू. आणि त्याचं नाव बाहेर जाणार नाही. हा माझा शब्द."

सोनू खोलीवर यायला लागला, कधी टेम्पो दुरुस्तीचं निमित्त करून, कधी काहीच न सांगता. मॅडम त्याच्याशी बापाबद्दल बोलायच्या, टेम्पोबद्दल बोलायच्या. मला वाटायचं, मुद्द्यावर कधी येणार? एकदा तो बाहेर माझ्यापाशी उभा राहिला आणि मला खिजवायला लागला.

"मेजर, तुमी माणसं मारली तर पेन्शन. आमी मारली तर जेल. ह्यो कुठला न्याय?"

मी म्हणालो, "मला ज्यानं ऑर्डर दिली, त्यो माज्या म्होरं चालत हुता. गोळी आली तर आधी त्याला. तुझा साहेब कुठाय?"

"मोबाईलवर."

"त्याचं तोंड बघितलंस कधी?"

त्यानं मोबाईल खिशात घातला. मग म्हणाला, "तुमी लई खवट हाय, मेजर."

"व्हय. पन समोर हाय."

त्या दिवसापासून तो मला घाबरायचा सोडून चिडवायला लागला. मी चहा घेत नाही म्हणून मुद्दाम माझ्यासमोर फुर्र करून प्यायचा.

पुढं जुलैत त्यानं पोत्यात गुंडाळून तलवार आणून दिली. एका मिरवणुकीच्या दिवशी दुसऱ्या वस्तीवर चालून जायचं ठरलं होतं, तेही सांगितलं. तलवारी वाटणारे दोघं आमच्याच गावचे होते. त्यांची नावं दिली. मॅडमनी ते वरच्या पोलीस साहेबांना गुपचूप कळवलं. वस्तीवर बंदोबस्त आला, मिरवणूक शांततेत गेली. त्या दोघांना पोलिसांनी बोलावून दम भरून सोडलं. नाव कुणी दिलं ते त्यांना कळलं नाही. सोनूबरोबरची आणखी पोरंही हळूहळू बाजूला झाली. वस्तीवरच्या एकाही माणसाला कळलं नाही की आपण कशातून वाचलो. मॅडम म्हणाल्या, "काका, आपलं काम जमलं की असंच असतं. काहीच होत नाही."

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या हातचा चहा घेतला.

इथं थांबलं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो.

मोठे सर पुण्याहून आले. त्यांना आनंद झाला. आनंदाच्या भरात ते आमच्या भागातले पुढारी अण्णा यांना भेटायला गेले आणि सगळं सांगून बसले, सोनूच्या नावासकट. अण्णा वाईट माणूस नाही. दुष्काळात टँकर आणणारा माणूस आहे. पण आमच्याकडं कुणाचं चांगलं करायचं म्हटलं की सत्काराशिवाय दुसरं काही सुचत नाही. पोरगं भरती झालं, सत्कार. ट्रॅक्टर घेतला, फ्लेक्स. म्हशीनं बक्षीस मारलं, म्हशीचाही फ्लेक्स. अण्णा म्हणाले, "असं पोरगं गावाला म्हायती नगं व्हय? पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली सत्कार करू."

मॅडम सरांशी माझ्यादेखत भांडल्या.

"सर, त्याचं नाव बाहेर गेलं तर तो मेला."

"मॅडम, तुम्ही सगळ्यातच धोका बघता. समाजासमोर आदर्श नको का?"

"मी त्याच्या आईला शब्द दिलाय."

"आईला विचारून बघा. ती नाही म्हणते का ते."

आई नाही म्हणाली नाही. तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं. तिनं शेजारणीचं लुगडं मागून आणलं. मॅडम तिच्या घरी दोनदा जाऊन आल्या, समजावून आल्या. ती म्हणाली, "बाई, आता समद्यांना कळूद्या माजं पोरगं चांगलं हाय म्हणून."

फाट्यावर फ्लेक्स लागला. अण्णांचा फोटो मोठा, सरांचा मध्यम, खाली सोनू हात जोडून. 'अंधाराकडून उजेडाकडं आलेल्या युवकाचं हार्दिक अभिनंदन.' मी अण्णांकडं गेलो. सोर्सचं सांगितलं, सुभेदार साहेबांचं सांगितलं.

अण्णा म्हणाले, "मेजर, ह्ये काय काश्मीर हाय का? समदी आपलीच पोरं हायती."

झेंडावंदन झालं. शाल, नारळ, टोपी. सोनूच्या आईला स्टेजवर खुर्ची दिली. ते दोघं तलवारवाले समोरच्या गर्दीत उभे होते. मी त्यांच्याकडं बघत होतो. तेही टाळ्या वाजवत होते.

सोनू खाली उतरून माझ्याकडं आला. तोंड उतरलं होतं, पण डोळ्यांत चमकही होती. म्हणाला, "मेजर, आईला खुर्ची दिली बघा."

मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. संगमनेरला त्यांच्या भावाचा दुधाचा धंदा होता. "आजच निघ. मी गाडी देते."

"उद्या येतो, मॅडम. कांदा भरलाय, खाली करतो आन् येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फाट्यावर चहाला थांबला. स्वतःच्या फ्लेक्सखाली. मी डेअरीच्या दारात उभा होतो. रस्ता ओलांडला की चहाची टपरी. मोटारसायकल आली, तेच दोघं तलवारवाले उतरले. तोंड बांधायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही. कोयते काढले. मी काठी घेऊन धावलो. चौसष्टाव्या वर्षी माणूस जितका धावतो तितका धावलो. मी पोचलो तेव्हा ते गाडीवर बसत होते. एकाच्या पाठीत काठी बसली. ते गेले.

भरबाजारात शटरं खाली आली. एकामागून एक. तो आवाज मी खोऱ्यात ऐकला होता. आपल्या गावात ऐकेन असं वाटलं नव्हतं.

मी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, सोनू पडला."

"कुठं लागलंय?"

"मान. खांदा."

"श्वास?"

"चालू हाय."

"कपडा दाबून धरा. सोडू नका. गाडी?"

"कोन देईना."

"त्याचा टेम्पो?"

"हाय."

"निघा. मी दवाखान्यात उभी राहते."

टपरीवाल्याला मी आईवरनं शिवी दिली तेव्हा तो बाहेर आला आणि टेम्पो चालवायला बसला. मी मागं, कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर, सोनूचं डोकं मांडीवर घेऊन. फेटा सोडून मानेवर दाबला. त्याचा हात माझ्या सदऱ्याला धरलेला होता. तो काही बोलला नाही. सिनेमात बोलतात. दवाखान्याच्या अलीकडं हात सुटला. मी दाबायचं सोडलं नाही. मॅडमनी येऊन माझी बोटं एकेक करून उघडली.

पोलिसांनी दवाखान्यात फक्त आणणाऱ्याचं नाव लिहून घेतलं. म्हणाले, जबाब सावकाश घेऊ. फाट्यावर चौकशी केली. चहा पिणारे होते, भेळवाला होता, एस.टी.ची वाट बघणारे होते. कुणीही काही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोनूची माती झाली. मॅडम आल्या. मोठ्या सरांचा फोन आला, फार वाईट झालं, पेपरवाल्यांशी बोलू नका. सोनूची आई रडत नव्हती. मॅडमचा हात धरून विचारत होती, "बाई, तुमी म्हणला हुतात ना, नाव भायेर जानार न्हाई म्हणून?" मॅडमनी मान खाली घातली. सत्कार मॅडमनी केला नव्हता. पण ज्यांनी केला त्यांच्यातला एकही त्या बाईच्या समोर जायला तयार नव्हता. अण्णांनी मोठा हार पाठवला. फाट्यावर जुना फ्लेक्स काढून श्रद्धांजलीचा लावला. फोटो तोच, हात जोडलेला. अण्णांचाही तोच.

संध्याकाळी अण्णा माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"मेजर, झालं ते वाईट झालं. पन दोघं आपल्याच गावची. तुमचं वय झालं, नजर कमी झाली. कुनी काय म्हणनार न्हाई तुमाला."

माझा पोरगा दारात उभा होता. तोही म्हणाला, "दादा, ऐका अण्णांचं. आमाला हितंच ऱ्हायचंय."

मी म्हणालो, "माजी नजर चांगली हाय."

अण्णा उठून गेले. पोरगा रात्री माझ्याबरोबर जेवला नाही. अजूनही धड बोलत नाही.

माझ्या सेक्शनमधला जामखेडचा लान्स नाईक दत्तू खोऱ्यात राहिला. त्याचं नाव त्याच्या गावच्या शाळेत दगडावर कोरलंय. दरवर्षी पोरं त्याला हार घालतात, पंधरा ऑगस्टलाच. मी त्याच्यासाठी कधी रडलो नाही, त्यानं त्याचं काम केलं, त्याच्या पाठीशी आम्ही होतो. सोनूनंही काम केलं. एक आख्खी वस्ती जळायची वाचवली. त्याच्या पाठीशी एक बाई आणि एक म्हातारा होता, आणि बाकी सगळे टाळ्या वाजवत होते. त्याचं नाव कुठल्या दगडावर नाही. पूर्ण नाव मी इथंही लिहीत नाही, कारण आडनाव वाचून लोक ठरवतील की हळहळायचं का नाही. सोनू एवढंच पुरे.

मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली. कोट घातला, त्यावर मेडल लावली. फाट्यापर्यंत गावाच्या मधल्या रस्त्यानं चालत गेलो, आडवाटेनं नाही. पोलीस ठाण्यात जाऊन साहेबांसमोर उभा राहिलो. त्या दोघांची नावं सांगितली, बापाच्या नावासकट, आणि कुणाच्या हातात काय होतं ते सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून माझ्याकडं बघितलं.

"काका, साक्षीदार म्हणून तुमचं नाव गावात फुटणार. विचार केलाय ना?"

मी म्हणालो, "मोठ्या अक्षरात लिवा."

सही केली आणि खोलीवर ड्यूटीला गेलो.