टीव्हीतला बाप्पा आणि ओमा ट्रूसचा बूट

असले अनुभव मी आजवर चहासोबत तोंडी लावायला वाचत आले. चकवा, हडळ, अमावास्या... मजा येते, पण विश्वास? छे! मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. वायर तोडली की आवाज बंद, एवढंच माझं अध्यात्म. तरी आज मीच लिहायला बसलेय, हसू नका.

आम्ही फेल्डहोवन नावाच्या डच गावात राहतो. नवरा, सारंग, इथे चिप-मशीनच्या कंपनीत आहे. मी त्याच्यामागे डिपेंडंट व्हिसावर आले आणि आता घरूनच सर्किट डिझाईनची कामं घेते. शेजारी राहते ओमा ट्रूस. ओमा म्हणजे आजी, आमची लेक इरा तिला तशीच हाक मारते. ऐंशी कधीच उलटली, पुढच्या दातांत फट आणि बाजारहाट अजून सायकलवरून.

तिची एक गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ आहे. इथे टीव्ही नवा होता तेव्हा कंट्री म्युझिकचा एक कार्यक्रम लागायचा. गवताचे भारे, बॅन्जो, विनोद, गाणी. ट्रूस त्यात एकदाच गायली — योडलिंग, म्हणजे आवाजाला कोलांट्या मारायला लावणारं गाणं.

"सगळे डच, पण हॅट घातली की टेक्सासचे!" ती सांगायची. "सगळ्या गावाने पाहिलं, मी सोडून. मी तर स्टुडिओत होते ना!"

कार्यक्रम लाईव्ह, रेकॉर्डिंग कुणी ठेवलंच नाही. तिला ते माहीत नव्हतं. पुन्हा दाखवतील या आशेने तिने पहिल्या पगारातून टीव्ही घेतला. कुणी दाखवलं नाही. तिची मुलं "आईची काउबॉय-कथा" म्हणून चिडवतात. मागे एकदा कॉफी पिताना ती हळूच म्हणाली, "पाहिलेली माणसं गेली गं. आता कधीकधी मलाच वाटतं, मी हे मनानेच रचलं की काय." मला फार वाईट वाटलं.

गेल्या गणपतीच्या आधी तिने शेड आवरायला काढली आणि तो टीव्ही मला दिला. लाकडी, कपाटाएवढा! मी म्हटलं, झालं आपलं मखर. पिक्चर ट्यूब, स्पीकर, सगळं मी स्वतः काढलं. वायर कापली. फक्त पुढची काच ठेवली, तिच्यावर छोटा पडदा लावला. मागच्या बाजूने आत शाडूचे बाप्पा बसवले. पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवरून प्राणप्रतिष्ठा सांगितली, सारंगने केली.

संध्याकाळी ओमा ट्रूस आरतीला आली, ठरल्या वेळेवर, ट्युलिप घेऊन. आरती झाली. गणपतीसाठी आलेल्या सासूबाईंनी नैवेद्य दाखवला आणि पडदा ओढला. "देवाला निवांत जेवू द्या. फोटो नकोत, मोबाईल तिकडे ठेवा." आम्ही डोळे मिटून उभे.

आणि पडद्याआड बॅन्जो वाजायला लागला.

"सारंग, मोबाईल बंद कर रे!"

"आई, माझा किचनमध्ये आहे..."

मी पडदा सारला. बाप्पा दिसेनात. काचेवर राखाडी उजेड होता, आणि त्यात गवताचे भारे, एक फिडलवाला आणि झालरीच्या स्कर्टमधली एक मुलगी. गात होती! आवाज असा उड्या मारत होता की सासूबाईंच्या हातातली झांज आपोआप वाजायला लागली. मुलगी हसली. दातांत फट.

"ओमा ट्रूस!" इरा ओरडली.

तेवढ्यात मुलीने ठेका धरायला पाय उडवला आणि...

"अगं बाई, पोरीचा बूट निघाला!" सासूबाई म्हणाल्या.

मुलगी तशीच एका पायात बूट, एका पायात मोजा घालून गात राहिली. गाणं संपलं, उजेड विझला. बाप्पा जागेवर, मोदकही.

मी वळले. ओमा ट्रूस रडत होती आणि हसत होती. "बूट बहिणीचे होते," ती म्हणाली. "मोठे व्हायचे मला. ही गोष्ट लाजेपायी मी कुणालाच सांगितली नव्हती." मग सासूबाईंचा हात धरून म्हणाली, "म्हणजे मी गायले होते!" सासूबाईंना डच येत नाही. त्यांनी तिच्या हातावर मोदक ठेवला.

ती गेल्यावर मी टॉर्च घेऊन सगळा टीव्ही तपासला. आत बाप्पा आणि थर्माकोल, बस्स. मग सारंग कान खाजवत म्हणाला, "एक सांगू? गुरुजी म्हणाले, मूर्तीच्या हृदयावर हात ठेवा. माझा हात मागून तिथवर पोचेना. मूर्ती कलंडेल म्हणून मी... टीव्हीवर ठेवला."

"म्हणजे मेल्या, प्राण टीव्हीत घातलास?" सासूबाई आधी भडकल्या, मग इतक्या हसल्या की पाणी द्यावं लागलं.

हे काही स्पष्टीकरण नव्हे, मला कळतं. माझ्याकडे दुसरंही नाही. तो टीव्ही त्यानंतर कधी वाजला नाही. ओमा ट्रूस मात्र आता कॉफीला आली की त्याच्यासमोरच बसते, आणि मुलांनी चिडवलं तर नुसती हसते.

दुसऱ्या दिवशी दीड दिवसाच्या बाप्पांची उत्तरपूजा होती, म्हणजे मूर्तीत घातलेले प्राण परत पाठवायचे. सारंगने अक्षता हातात घेतल्या तेव्हा मी, वायरशिवाय कशावरही विश्वास नसलेली, त्याचं मनगट धरून म्हणाले, "फक्त मूर्तीवर हं. टीव्हीला हात लावायचा नाही."