भुताची स्लीपर

दुपारी टीव्हीवर जुना, स्वस्तातला भुताचा सिनेमा लागला होता. कबरीतून भूत उठलं, तर त्याच्या पायात निळी रबरी स्लीपर! असल्या भिकार सिनेमांचं आम्हा नवराबायकोला भारी वेड. आमचा नेमच होता, चूक ज्याला आधी दिसेल तो बसून राहणार, दुसऱ्यानं चहा करायचा. "अहो, डोळे आहेत की बटणं? उठा, चहा टाका!" म्हणून ती खिदळायची. खरं तर मला कैकदा आधी दिसायचं. तिचं हसू ऐकायला मी तोंड मिटून बसायचो. चूक दिसून काय उपयोग, दाखवायला माणूस लागतं. ती जाऊन वर्ष होईल. आजही मी सवयीनं गप्प राहिलो, तिनं बोलायची वाट बघत. भूत स्लीपर फटफटवत निघून गेलं. शेवटी उठलो आणि चहा टाकला.