ठिपका गोल होता

माझ्या थोरल्या भावाला टर्की पक्षी मारायच्या बंदुकीवर बसवायला, नेम धरायची साईट हवी होती, आणि ती निवडायचं काम त्याने माझ्या गळ्यात घातलं. तो अमेरिकेत, ओहायोतल्या एका लहानशा गावात एकटा राहतो. मी सिंगापूरला, जिथे बंदुकीची एक गोळी खिशात सापडली तरी माणूस आयुष्यातून उठतो. माझ्या लॅपटॉपवरची चित्रं बघून मुलगी म्हणाली, "आई, धिस वन कॅनॉट सर्च लाह. पोलीस कम हाऊ?" म्हणजे, हे शोधू नकोस, पोलीस आले तर काय करशील.

पण दादाचं सगळं मीच निवडत आले आहे. कुकर, फोन, वहिनी गेल्यावर तिच्या फोटोची फ्रेमसुद्धा. झुरळ दिसलं तर वहिनीला हाक मारणारा हा माणूस ती गेल्यावर शेजाऱ्याबरोबर रानात जायला लागला, हे ऐकून मी आधी हसले होते. पहाटे झाडाला टेकून बसायचं, मादीचा आवाज काढून नराला बोलवायचं, आणि तो जवळ आला की डोक्यावर नेम धरायचा. बहुतेक वेळा पक्षी येतच नाही. दादाला ते चालायचं. रानात कोणी कसा आहेस म्हणून विचारत नाही, एवढंच तो सांगायचा.

या वर्षी हंगाम जवळ आला आणि त्याची तक्रार सुरू झाली. बंदुकीच्या नळीच्या टोकाला बारीकसा पितळी मणी असतो, त्यावरून नेम धरतात. तो मणी दिसत नाही, म्हणाला. मी इथे बुओना व्हिस्टा भागातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. कोणी बिघाड सांगितला की मला चेव येतो. वाचत बसले. लोक घाईत बंदुकीवरून गाल उचलतात आणि छर्रे पक्ष्याच्या डोक्यावरून निघून जातात, म्हणून पुढे एक लाल आणि मागे दोन हिरव्या चमकत्या काड्या असलेली साईट बरी, असं ठरवून त्याच्या पत्त्यावर पाठवली. मागच्या काड्या दिसतात, पुढची दिसत नाही, म्हणाला. मग भोकातून बघायची साईट पाठवली. भोकाची कड दिसते, मधलं काही दिसत नाही.

तेव्हा मी लॅपटॉप मिटला. आमच्या कामाची एक साधी रीत आहे. एका वेळी एकच वस्तू बदलायची. बदलूनही बिघाड तसाच राहिला, तर तो त्या वस्तूत नाही. मी साईटमागून साईट बदलत होते. बदलला नव्हता तो दादाचा उजवा डोळा. आणि त्याला खरा डोळा तेवढाच. डावा लहानपणी विटी लागून गेला. त्याने उजेड कळतो, बाकी सगळं धुकं.

नजरेच्या बरोबर मध्यभागी दिसेनासं होण्याचा एक आजार असतो. त्यातल्या एका प्रकारात लवकर गाठलं तर इंजेक्शनं देऊन थांबवता येतो, उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही. हे वाचल्यापासून मला जेवण जाईना. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी आमच्या कॉन्डोच्या इमारतीखालच्या बाकावर बसून त्याला व्हिडिओ कॉल करायचे. त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. डोळे दाखव, म्हणून विनवलं, रागावले, अबोला धरला, शपथ घातली. "डोळ्यांना काय धाड भरलीय?" तो म्हणायचा. चष्मा आत्ताच तर बदललाय, तू ती लाल ठिपक्याची साईट बघ. शेजाऱ्याला सांगते तुला डॉक्टरकडे न्यायला, म्हणून त्याचा नंबर मागितला, तर दिला नाही. आणि हा माणूस अजून गाडी चालवत होता.

सगळ्यात चीड यायची ती त्याच्या बेपर्वाईची. मी जीव तोडून बोलतेय आणि हा माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मान वळवून कोपऱ्यातल्या टीव्हीकडे तोंड. दादा असला म्हणून काय झालं, एखादं माणूस रडत असताना त्याच्याकडे बघावं इतकी रीत तर सांभाळावी. एकदा मी फोन तसाच कापला आणि दिवसभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत राहिले.

शेवटी मी लाल ठिपक्याची साईट पाठवली, पण एका अटीवर. या साईटच्या काचेत एक लाल ठिपका दिसतो, तो पक्ष्यावर ठेवायचा. ठिपका फाटलेला किंवा पुसट दिसला तर फोनने त्याचा फोटो काढायचा, असं मी वाचलं होतं. फोटोत तो नीट आला, तर साईटमध्ये खोट नाही. दादाने साईट हातात घेतली आणि लगेच कळवलं की माल खराब आहे, परत पाठवू या. मी म्हटलं, आधी फोटो.

फोटो आला तेव्हा मी बुओना व्हिस्टाला एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरत होते. ठिपका गोल होता. कडा स्वच्छ, मागे त्याच्या अंगणातलं झाडही दिसत होतं. ऑफिसला जाणारी माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. मी तिथेच बाकावर बसले आणि त्याला कॉल लावला.

"दादा, ठिपका गोल आहे," मी म्हटलं.

त्याने पुन्हा मान वळवली.

"आधी तो टीव्ही बंद कर. माझ्याकडे बघून बोल."

मी ओरडले असणार, कारण चालणारी माणसं वळून बघायला लागली.

"टीव्ही लावलेलाच नाही गं," तो म्हणाला. "सरळ बघितलं की तुझा चेहरा जातो. बाजूला बघितलं की थोडी दिसतेस."

कधीपासून, हे मी विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं. दिवाळीच्या सुमारास वहिनीच्या फोटोत साडी दिसायची, हात दिसायचे, आणि तिचा चेहरा तेवढा दिसेनासा झाला. आधी त्याला वाटलं, फ्रेमची काच खराब झाली. त्याने ती पुसून बघितली.

"मग साईट कशाला मागत होतास रे माझ्याकडे?"

"तू निवडलेलं चालतं," तो म्हणाला. "म्हटलं, यातलं एखादं चालेल."

मी शेजाऱ्याचा नंबर मागितला. या वेळी त्याने दिला. फोनवरचा वाचता येत नव्हता, पाठ होता तसा एकेक आकडा सांगितला, आणि मी पर्समधल्या एका पावतीच्या मागे लिहून घेतला. मी लिहीत होते तितका वेळ तो भिंतीकडे तोंड करून मला बघत राहिला.